एका तिरक्या रेघेचा इतिहास



प्रत्येकानं आपल्या कामातलं काहीतरी, पण सगळ्यांना समजेल असं लिहून द्यावं, असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला. माझी सगळी नोकरी विजेच्या यंत्रांपाशी गेली. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. प्रश्न एवढाच होता की वर्गातल्या शेतकऱ्यानं, डॉक्टरनं, शिक्षिकेनं आणि दुकानदारानं तो का वाचावा? त्याचं उत्तर लेखाच्या शेवटापर्यंत देता येईल, असं वाटतं.

विजेच्या आकृत्यांत डायोडची खूण अगदी साधी असते. एक त्रिकोण आणि त्याच्या टोकाला टेकलेली एक उभी रेघ. त्या खुणेला बाजूनं एक छोटी तिरकी रेघ जोडली की थायरिस्टर होतो. कागदावर फरक तेवढाच. पण त्या एका रेघेनं आपल्या राज्यातली रेल्वे, चंद्रपूरहून येणारी वीज, आपल्या मोटारसायकली आणि जतच्या माळावरच्या पवनचक्क्या, सगळ्यांवर परिणाम केला. त्या रेघेचा हा इतिहास आहे.

झडपेची गोष्ट

डायोड समजायला आपल्या भागातल्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाला फूट व्हॉल्व्ह असतो. मोटार पाणी ओढते तेव्हा झडप आपोआप उघडते. मोटार थांबली की पाण्याच्याच वजनानं ती मिटते आणि पाइपातलं पाणी परत विहिरीत पडत नाही. झडपेला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. दाब खालून आला तर उघड, वरून आला तर मीट, एवढंच तिला कळतं.

डायोड म्हणजे विजेचा फूट व्हॉल्व्ह. सिलिकॉनच्या एका तुकड्यात एका बाजूला फॉस्फरससारख्या द्रव्याचा आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनसारख्या द्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश मिसळतात. पहिल्या बाजूला इलेक्ट्रॉन जास्त होतात, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. दोन्ही बाजू जिथे भेटतात त्या सांध्यावर एक अडसर तयार होतो. सुलट दिशेनं सुमारे ०.७ व्होल्टचा दाब मिळाला की अडसर दूर होतो आणि प्रवाह वाहतो. उलट दिशेनं दाब दिला की अडसर आणखी रुंद होतो. फूट व्हॉल्व्हचं रबर झिजलं की पाणी परत गळतं, तसंच सहन होईल त्यापेक्षा जास्त उलटा दाब बसला की डायोड कायमचा फुटतो. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला 'शॉर्ट झाला' म्हणतात, तो हाच प्रकार.

या झडपेचा शोध एका दिवसात लागला नाही. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्राऊन यांना आढळलं की काही खनिजांना धातूची सुई टेकवली तर वीज एका दिशेनं सहज जाते, दुसऱ्या दिशेनं जात नाही. गॅलेना म्हणजे शिशाच्या खनिजाचा असाच सांधा वापरून आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युत लहरी पकडल्या. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीतली झडप बनवली, आणि इंग्रजीत तिला नावही 'व्हॉल्व्ह' असंच पडलं. आपल्या वाडवडिलांच्या 'व्हॉल्व्हच्या रेडिओ'चं नाव तिथून आलं. सिलिकॉनमधला खरा सांधा मात्र १९४० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांना सापडला.

१९६३ साली सांगली आकाशवाणी सुरू झाली. मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला काटा नेला की कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम लागायचे, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. त्या ट्रान्झिस्टरच्या पोटात काचेच्या इवल्याशा नळीत जर्मेनियमचा एक डायोड असायचा. केंद्राकडून येणारी लहर एका सेकंदात साडेबारा लाख वेळा वरखाली होते आणि दोन्ही बाजूंना सारखीच झुलते. म्हणून ती तशीच स्पीकरला दिली तर बेरीज शून्य, आवाज काहीच नाही. डायोड तिची एक बाजू कापून टाकतो. उरलेल्या अर्ध्या लहरीच्या चढउतारात निवेदकाचा आवाज दडलेला असतो, तो बाहेर येतो. म्हणजे सांगलीचा आवाज जतमधल्या घरात ऐकू यायचा तो एका झडपेमुळे.

पाऱ्याचा निळा उजेड

आता रेडिओकडून मोठ्या विजेकडे येऊ. वीज दोन प्रकारची. बॅटरीची, एकाच दिशेनं वाहणारी ती डीसी. घरात येणारी, सेकंदाला ५० वेळा पुढेमागे झुलणारी ती एसी. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरनं सहज वाढवता-उतरवता येतो, म्हणून ती दूरवर नेता येते. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तीही एसीच. पण रेल्वे ओढायला त्या काळी डीसी मोटार उत्तम. ओझं जास्त असलं की ती जास्त जोर लावते आणि तिचा वेग बदलणंही सोपं.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे हार्बर मार्गानं देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. मग १९२९-३० पर्यंत बोरघाट ओलांडून पुण्यापर्यंत तारा पोचल्या. म्हणजे केंद्रातून एसी यायची आणि तारेवर डीसी हवी होती. मध्ये रूपांतर करणारं काहीतरी लागायचं. सुरुवातीला हे काम मोठी फिरती यंत्रं करायची. मग आले पाऱ्याचे रेक्टिफायर. त्याचं तत्त्व अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये मांडलं होतं. निर्वात भांड्याच्या तळाशी पारा, आणि वर आठ-दहा हातांसारख्या काचेच्या नळ्या. चालू झालं की पाऱ्याच्या वाफेत निळा-जांभळा उजेड थरथरत राहायचा. ज्यांनी तो पाहिला आहे ते सांगतात की रात्री अशा खोलीत पाऊल ठेवताना अंगावर काटा यायचा. विजेला एकच दिशा देणारी ही प्रचंड झडप होती. पण नाजूक, मोठी, आणि विषारी पारा सांभाळत चालवायची.

१९५७ मध्ये भारतीय रेल्वेनं २५,००० व्होल्ट एसीचा मार्ग स्वीकारला. तरीही इंजिनातल्या मोटारी डीसीच होत्या, म्हणून आता झडप इंजिनाच्या पोटात न्यावी लागली. १९५९ च्या सुमारास आलेल्या पहिल्या एसी इंजिनांत पाऱ्याचेच रेक्टिफायर होते. धावत्या, हादरणाऱ्या इंजिनात पारा सांभाळायचा, यातली अडचण कोणीही समजू शकेल. त्यातून सुटका केली सिलिकॉनच्या डायोडनं. १९५८ साली मुंबईत भांडुपला हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी सुरू झाली आणि असे रेक्टिफायर महाराष्ट्रात बनू लागले. १९७० नंतर चित्तरंजनच्या कारखान्यातून आलेल्या एसी इंजिनांत सिलिकॉन डायोड बसले होते. खोलीभर पाऱ्याचं काम आता हाताच्या पंज्याएवढ्या, पंखे लावलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर होऊ लागलं. आपल्या शेजारच्या बेळगावच्या ॲल्युमिनियम कारखान्यासारख्या उद्योगांनाही हजारो अँपिअर डीसी लागायची. अशी कामं पुढे सिलिकॉनच्याच अंगावर पडली.

तरी एक उणीव राहिलीच. झडप आपल्या मनाप्रमाणे उघडते, आपल्या नाही. डायोडला 'थोडं थांब' असं सांगता येत नाही. मोटारीला कमी वीज द्यायची तर ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरून वीज घ्यायची, किंवा मध्ये रोधक घालून ती उष्णतेत जाळायची. मुंबईच्या जुन्या लोकलमध्ये गाडी सुटताना बरीचशी वीज अशीच रोधकांत तापून वाया जायची.

सायफनची गोष्ट

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बॅरलमधून डिझेल काढलं असेल. नळीचं एक टोक बॅरलमध्ये, दुसरं खाली कॅनकडे. तोंडानं एकदा ओढलं की डिझेल वाहू लागतं. त्यानंतर ओढत राहायची गरज नसते. उलट, तोंड काढून घेतलं तरी ते थांबत नाही. बॅरलमधली पातळी नळीच्या खाली गेली, किंवा नळीत हवा शिरली, तरच धार तुटते. सुरू करायला एक घोट पुरतो. थांबवायला मात्र तो घोट काहीच कामाचा नाही.

थायरिस्टर म्हणजे विजेचा सायफन.

डायोडमध्ये सिलिकॉनचे दोन थर, तर थायरिस्टरमध्ये चार, एकाआड एक. अशा चार थरांच्या पट्टीत दोन ट्रान्झिस्टर एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसल्यासारखे असतात. एकाचा प्रवाह दुसऱ्याला उघडतो आणि दुसऱ्याचा प्रवाह पहिल्याला. दोघेही बंद असतील तर बंदच राहतात. पण बाजूच्या तिसऱ्या तारेतून, म्हणजे त्या तिरक्या रेघेतून, प्रवाहाचा एक छोटा धक्का दिला की एक जागा होतो, तो दुसऱ्याला जागं करतो, आणि मग दोघे एकमेकांना झोपू देत नाहीत. त्या तारेला 'गेट' म्हणतात. एकदा दार उघडलं की गेटची सत्ता संपते. मुख्य प्रवाह एका ठराविक मर्यादेच्या खाली घसरला, तरच दार मिटतं.

ही कल्पना विल्यम शॉकली यांनी १९५० मध्ये मांडली. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या मोल, टॅनेनबॉम, गोल्डी आणि होलोनिॲक या चौघांनी तिच्यावर पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये गॉर्डन हॉल आणि बिल गट्झविलर यांच्या चमूनं बाजारात आणता येईल असं उपकरण तयार केलं. त्याच निक होलोनिॲक यांनी पुढे १९६२ मध्ये डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. थायरिस्टर या नावातल्या पहिल्या भागाचं मूळ 'दार' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, हे योग्यच. तेव्हा आपला जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. जत संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन नऊ-दहा वर्षंच झाली होती. 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० मध्ये मिळालं. कोयनेचं पहिलं जनित्र १९६२ मध्ये सुरू झालं. म्हणजे आपल्या मुलखात वीज खऱ्या अर्थानं येऊ लागली त्याच सुमारास त्या विजेला लगाम घालणारं हे दारही जन्माला आलं.

आता दोघांमधला फरक एका वाक्यात. डायोड स्वतःच उघडतो आणि स्वतःच मिटतो. थायरिस्टर आपण सांगितल्यावर उघडतो, पण आपल्या सांगण्यानं मिटत नाही. या अर्ध्या हुकमतीतच त्याचं सामर्थ्य आहे, आणि त्याची अडचणही.

आपल्या घरात आणि गाडीत

एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, कारण ५० झोक्यांतल्या प्रत्येक झोक्याला ती दोनदा मध्य ओलांडते. म्हणून एसीवर लावलेला थायरिस्टर सेकंदाला १०० वेळा आपोआप मिटायची संधी मिळवतो. प्रत्येक अर्ध्या झोक्याला, म्हणजे १०० पैकी प्रत्येक वेळी, पुन्हा गेटला धक्का द्यावा लागतो. तो धक्का नेमका कधी द्यायचा, हे आपल्या हातात. अर्धा झोका १० मिलिसेकंदांचा असतो. सुरुवातीलाच धक्का दिला तर दिवा पूर्ण पेटतो. ५ मिलिसेकंद थांबून दिला तर साध्या दिव्याला अर्धीच वीज पोचते. वीज जाळून नव्हे, उशिरा उघडून. पंख्याचा गोल, गरम न होणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर याच तत्त्वावर चालतो. त्यात दोन्ही दिशांना चालणारा थायरिस्टरचा भाऊ 'ट्रायॅक' असतो. त्याआधीचा जाडजूड, तापणारा लोखंडी रेग्युलेटर आठवतो का? तो वीज जाळून पंखा हळू करायचा. नवा रेग्युलेटर वीज वाचवायचा, पण लहर मध्येच कापत असल्यानं जवळच्या रेडिओत घरघर उमटायची. पंखा हळू केला की सांगली आकाशवाणीवर 'घर्रर्र' सुरू व्हायचं, त्याचं कारण हेच.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं. जुन्या गाड्यांत पॉइंट असायचे. ते झिजले, ओले झाले की गाडी ढकलावी लागायची. ऐंशीच्या दशकात हिरो होंडासारख्या गाड्या 'सीडीआय' घेऊन आल्या. त्या काळ्या डबीत आपली दोन्ही पात्रं एकत्र काम करतात. मॅग्नेटमधली वीज डायोडमधून एका कॅपॅसिटरमध्ये भरली जाते. डायोड ती परत जाऊ देत नाही, पुन्हा फूट व्हॉल्व्हच. पिस्टन योग्य जागी आला की पिकअप कॉइल थायरिस्टरच्या गेटला टिचकी देते. थायरिस्टर उघडतो आणि कॅपॅसिटरमधली सगळी वीज एका झटक्यात कॉइलमधून स्पार्क प्लगकडे ओतली जाते. टाकी रिकामी झाली, प्रवाह संपला, म्हणून थायरिस्टर मिटतो. सायफनची धार तुटावी तसा. मिनिटाला हजारो वेळा हे घडतं, आणि आपण पावसातही बिनधास्त उमदीच्या किंवा विजापूरच्या रस्त्याला लागायचो.

सीमेवरच्या दोन लयी

आता इतिहासाचा सर्वांत मोठा टप्पा, आणि तो आपल्या तालुक्याला अगदी चिकटून आहे.

चंद्रपूरला कोळसा आहे, म्हणून तिथे महाऔष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. पण विजेची सर्वांत मोठी मागणी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. मधलं अंतर साडेसातशे किलोमीटर. एवढ्या लांब एसी तारेत दाब राखणं कठीण जातं आणि नेमकी किती वीज कोणत्या तारेनं जाईल यावर ताबा राहत नाही. म्हणून वीज मंडळानं चंद्रपूर ते भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी उभारली. १९९९ मध्ये ती कामाला लागली. दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॉट. दोन तारांमध्ये १० लाख व्होल्टचा फरक असल्यानं एवढी प्रचंड वीज न्यायला प्रत्येक तारेतून फक्त १५०० अँपिअर प्रवाह पुरतो.

चंद्रपूरला एसीची डीसी करायची, हे डायोडही करू शकला असता. पण पडघ्याला डीसीची पुन्हा एसी करायची होती. ते डायोडला कधीच जमणार नाही. इथे ती तिरकी रेघ कामी आली. थायरिस्टरला झोक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात धक्का दिला तर तो एसीतून वीज घेऊन डीसीला देतो. तोच धक्का पुरेसा उशिरा दिला तर डीसीतली वीज एसीला देतो. दोन्ही टोकांना तेच उपकरण, फरक फक्त धक्क्याच्या वेळेचा. एकामागे एक जोडलेल्या अनेक थायरिस्टरांच्या माळा एका प्रचंड दालनात उभ्या असतात, शुद्ध पाण्यानं थंड ठेवलेल्या. गेटचे हुकूम काचतंतूतून प्रकाशाच्या रूपात येतात, कारण लाखो व्होल्टपर्यंत तांब्याची तार नेता येत नाही. पाऱ्याच्या निळ्या भांड्यांची जागा अशा शांत दालनांनी घेतली. जगात संपूर्ण थायरिस्टरवर चालणारं असं पहिलं मोठं केंद्र १९७२ मध्ये कॅनडात ईल रिव्हरला सुरू झालं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला आणखी एक केंद्र आहे, आणि त्याचा आपल्या सीमेशी संबंध आहे. विजेचं जाळं म्हणजे एका तालावर चालणारी दिंडी. सगळी जनित्रं सेकंदाला ५० च्या एकाच ठेक्यात फिरायला हवीत. पण पश्चिमेचं जाळं, ज्यात महाराष्ट्र येतो, आणि दक्षिणेचं जाळं, ज्यात कर्नाटक येतं, यांचे ठेके वेगळे होते. एक ४९.५ ला तर दुसरं ४९.८ ला. थेट तार जोडली असती तर दोन्ही दिंड्या एकमेकींवर आदळल्या असत्या. म्हणजे मित्रांनो, आपण उमदी, संखच्या बाजूला अर्ध्या घरात कानडी आणि अर्ध्या घरात मराठी ऐकत वाढलो, नातीगोती सीमेपलीकडे जुळली, दानम्मादेवीला दोन्हीकडचे लोक आले, पण सीमेच्या दोन बाजूंच्या दिव्यांचा ठेका एक नव्हता. हे आपल्याला कधी जाणवलंही नाही.

भद्रावतीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस १००० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. एका बाजूनं पश्चिमेची एसी घ्यायची, थायरिस्टरनं तिची डीसी करायची आणि लगेच त्याच आवारात दुसऱ्या थायरिस्टरांनी दक्षिणेच्या ठेक्यातली एसी बनवायची. दुभाष्यासारखं काम. दोन्ही बाजूंनी आपापला ठेका सोडायचा नाही, तरी देवाणघेवाण चालू. शेवटी ३१ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या शेजारच्या सोलापूरहून रायचूरला गेलेली ७६५ किलोव्होल्टची एसी वाहिनी जोडली गेली आणि सगळ्या देशाचं जाळं एकाच ठेक्यावर आलं. त्या दिवसापासून जत आणि विजापूर यांचे दिवे खऱ्या अर्थानं एका तालात लुकलुकतात.

थांबवण्याची अडचण

थायरिस्टरची अर्धी हुकमत मात्र सगळीकडे आडवी आली. पडघ्याच्या केंद्रातले थायरिस्टर मिटतात ते समोरच्या एसी जाळ्याच्या जोरावर. ते जाळं मोठ्या बिघाडानं कोसळलं तर थायरिस्टरना मिटवणारं कोणी उरत नाही, आणि डीसी वाहिनीकडे कितीही वीज असली तरी ती अंधारातल्या जाळ्याला उठवू शकत नाही. डीसीवर चालणाऱ्या गाड्यांतही हीच पंचाईत. डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून थायरिस्टर मिटवायला वेगळे कॅपॅसिटर आणि वेगळी जोडणी करून प्रवाह जबरदस्तीनं खाली आणावा लागायचा. पुढे गेटनंच मिटवता येणारे 'जीटीओ' थायरिस्टर आले. १९९५ नंतर भारतात आलेल्या परदेशी बनावटीच्या शक्तिशाली इंजिनांत तेच होते.

पूर्ण हुकमत दिली ती आयजीबीटी या उपकरणानं. ते घडवण्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे बी. जयंत बालिगा या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा. २०२४ मध्ये त्यांना त्यासाठी मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आता सांगितलं की उघडतं आणि सांगितलं की मिटतं. मुंबईच्या नव्या लोकल याच उपकरणावर चालतात. १९२५ मध्ये सुरू झालेली १५०० व्होल्ट डीसीची गाडी २०१६ मध्ये त्याच हार्बर मार्गावर शेवटची धावली आणि सगळी उपनगरी रेल्वे एसीवर गेली.

आपल्या माळावर

आता पुन्हा जतकडे. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, मग आपल्या ढालगाव-जतच्या माळावरही. त्यातल्या जुन्या, एकाच वेगानं फिरणाऱ्या प्रकारात एक साधं इंडक्शन जनित्र असतं. वाऱ्यानं ते पुरेसं फिरलं की जाळ्याला जोडायचं. ते एकदम जोडलं तर पहिल्या क्षणी भला मोठा प्रवाह ओढून जाळ्याला धक्का बसतो. म्हणून मध्ये थायरिस्टर असतात. सुरुवातीला प्रत्येक झोक्याच्या शेवटीशेवटी दार उघडायचं, मग जरा लवकर, मग आणखी लवकर, असं काही सेकंदांत पूर्ण उघडायचं. काम झालं की जाड तांब्याचा संपर्क जोडून थायरिस्टरना विश्रांती द्यायची. त्यालाच 'सॉफ्ट स्टार्टर' म्हणतात. मोठ्या पंपांच्या मोटारीही अशाच हळूहळू सुरू केल्या तर मोटारीला आणि पाइपांना धक्का बसत नाही. कृष्णेचं पाणी म्हैसाळहून टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी तालुक्यांत आणायचं म्हणजे शेवटी विजेनं पाणी चढवायचं. पाण्यासाठी आपल्या सीमेवरच्या गावांची काय तगमग झाली ते २०२२ मध्ये सगळ्या देशानं ऐकलं. आपल्याकडे वीज ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. ती पाण्याची दुसरी बाजू होती.

सौर पंपाकडे पाहा. पॅनेलच्या पाठीमागे एक काळी डबी असते. तिच्यात साधारण तीन डायोड असतात. पॅनेलच्या एका पट्ट्यावर बाभळीची सावली पडली, तर तो पट्टा बाकीच्यांची वीज अडवतो आणि स्वतः तापतो. डायोड त्या पट्ट्याला वळसा घालून वीज पुढे नेतो. पंपाच्या कंट्रोलरमध्ये आयजीबीटी असतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी उलट दिशेनं जोडलेला एक डायोडही. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी पूर्ण हुकमतीचं दार सापडलं, तरी साध्या झडपेची जागा कोणी घेतलेली नाही.

एक विनंती

सुरुवातीला विचारलं होतं, हे सगळ्यांनी का वाचावं. कारण आज आपल्या शाळेतली मुलं पवनचक्क्यांच्या सावलीत आणि सौर पॅनेलच्या शेजारी वाढत आहेत. त्यांच्या बापाचा पंप जळला तर दुकानदार 'पॅनेल बदला' म्हणतो आणि ते बदलतात. नेमकं काय बिघडलं ते विचारण्याइतकी भाषा त्यांच्याकडे नसते. ती भाषा फार महाग नाही.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेच्या प्रयोगशाळेला एक फळा द्यावा, असं सुचवतो. १२ व्होल्टची बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा दिवा, एक छोटा थायरिस्टर, एक डायोड, एक रोधक आणि १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. खर्च एका सत्काराच्या शाल-श्रीफळापेक्षा कमी. मुलांनी आधी बॅटरी जोडून गेटला रोधकातून क्षणभर वीज द्यावी. दिवा लागेल. गेटची तार काढून घेतली तरी तो तसाच राहील. बॅटरीची तार सोडली की विझेल, आणि पुन्हा जोडली तरी लागणार नाही. मग बॅटरीऐवजी ट्रान्सफॉर्मर जोडावा. आता गेटला तार टेकवलेली असेपर्यंतच दिवा लागतो, तोही मंद, कारण अर्धेच झोके त्याच्यातून जातात. मग थायरिस्टरच्या जागी डायोड लावावा. दिवा न विचारता लागतो.

या तीन प्रयोगांत खोपोली ते पडघा आणि पडघा ते जत, सगळा इतिहास आहे. फळा बसवायला आणि पहिल्या तासाला समजावून सांगायला मी येईन. वर्गातल्या इतर कोणाला सोबत यायचं असेल, तर मेळाव्याच्या दिवशी चहाच्या वेळी सांगा, म्हणजे सरांशी बोलून तारीख ठरवता येईल.